अर्धं पाऊल पुढे

पोळ्या झाल्या की उरलेल्या उंड्याची एक लहान पोळी आई करते. ती कुत्र्याची. मिरजेला आमच्या दारात त्या वेळेला एक ना एक कुत्रं येऊन बसलेलं असायचंच, आणि त्याला पोळी टाकल्याशिवाय आई पानावर बसायची नाही. न्यू जर्सीला आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली तेव्हाही तिने पहिल्याच दिवशी तशी पोळी केली, वर तुपाचं बोट फिरवलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे बसलेल्या हेझलला म्हणाली, "ये गं."

हेझल उठली नाही. नाक हललं, कान ताठ झाले, शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. पण माझ्या मुलीने तिला "रेस्ट" सांगून ठेवलं होतं, म्हणजे सांगेपर्यंत हलायचं नाही. आई पोळी हातात धरून उभी राहिली. मी ती तिच्या हातातून काढून घेतली तेव्हा ती खरोखर दुखावली.

"अन्नाला नाही म्हणायला शिकवता मुक्या जनावराला?"

शिकवतो. हेझल आमची नव्हती. 'द सीईंग आय' या संस्थेची ती पिल्लू होती, अंध माणसाची सोबतीण होण्यासाठी जन्माला घातलेली. साडेसात आठवड्यांची असताना ती आमच्याकडे आली आणि सव्वा वर्षाची होईपर्यंत तिला वाढवायचं काम आमच्याकडे होतं. पुढे कधीतरी ती एखाद्या हॉटेलात टेबलाखाली बसेल. तिच्या माणसाला दिसणार नाही की जमिनीवर कोंबडीचं हाड पडलंय की मनुका घातलेला केक. हाड घशात अडकतं, मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासारख्या. तिथे तिचं रक्षण करायला तिची स्वतःची सवयच असणार. हे मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पोळी चतकोर केली आणि स्वतः खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून ती लहान पोळी अंगणातल्या खारींसाठी होऊ लागली.

आम्ही हे का पत्करलं, असं आमच्या मराठी मंडळींतही पुष्कळांनी विचारलं. मुलगी आठवीत होती, फोर-एच या मुलांच्या क्लबातून ती कागद घेऊन आली होती. संस्थेचं गाव मॉरिसटाउन आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. पिल्लाचा दवाखान्याचा खर्च संस्था करते. ही सगळी उत्तरं खरी आहेत. पण त्या कागदावर सही करताना माझ्या डोळ्यांपुढे होता तो अण्णामामा.

अण्णामामा आईचा थोरला भाऊ. पोस्टमन. मिरजेतली गल्ली न् गल्ली आणि गल्लीतलं दार न् दार त्याला पाठ. तंतुवाद्यवाल्यांच्या दुकानांवरून जाताना कुठल्या दुकानात तानपुऱ्याला जवारी लावतायत हे तो बाहेरूनच सांगायचा. गाण्याचं वेड होतं त्याला. मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेब १९३७ साली गेले, आणि तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याच्या सभा होत आल्या आहेत. मामा त्या सभेला कधी चुकला नाही. चादर खांद्यावर टाकून संध्याकाळी निघायचा आणि उजाडता उजाडता, डोळे लाल करून, एखादी ओळ गुणगुणत परत यायचा.

त्याला काचबिंदू होता. काचबिंदू आधी कडेची नजर खातो, समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मामा दाराच्या चौकटीला खांदा धडकवायचा आणि आम्ही हसायचो. कळलं तेव्हा डोळ्याची नस वाळून गेली होती, आणि गेलेली नजर परत आणणारा इलाज काचबिंदूला नाही. बावन्नाव्या वर्षी त्याचं दिसणं पुरतं थांबलं.

घरातल्या कुणीही त्याची आबाळ केली नाही. उलट जपलं, फार जपलं. मनगट धरून त्याला न्हाणीघरात न्यायचे, मनगट धरून ओट्यावर आणून बसवायचे. रस्ता ओलांडायचा असेल तर दोघं दोन बाजूंनी. त्याचा एक मित्र कुठूनसा पांढरी काठी घेऊन आला होता. ती कपाटामागे गेली. घरात एवढी माणसं असताना काठी कशाला, लोक म्हणतील याला कुणी बघत नाही. त्या वर्षी उरूस आला तेव्हा मी विचारलं, "मामा, जाणार ना?" तो म्हणाला, "कुणी नेलं तर जायचं."

त्याच्या तोंडून 'जातो' हा शब्द मी त्यानंतर ऐकला नाही. नेतील, न्या, नेलं होतं. मिरजेचा सगळा नकाशा डोक्यात असलेला माणूस पुढची एकोणीस वर्षं ओट्यावर बसून राहिला.

हे मला तेव्हा टोचलं नाही. टोचलं ते फार उशिरा, इथे, पिल्लं वाढवणाऱ्या कुटुंबांच्या एका बैठकीत. एक अंध बाई आपल्या कुत्र्याला घेऊन आल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांना दारापर्यंत सोडावं म्हणून मी सवयीने त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवला आणि म्हणाल्या, "तुम्ही मला धरू नका. मी तुम्हाला धरते." त्यांनी माझं कोपर धरलं आणि अर्धं पाऊल मागून चालू लागल्या. माझं शरीर वळलं की त्यांना कळत होतं, मी पायरीशी थांबले की कळत होतं. चालत त्या होत्या. मामाचं मनगट आम्ही एकोणीस वर्षं उलट्या बाजूने धरलं होतं.

मॉरिसटाउनच्या मधोमध जुनं हिरवं मैदान आहे. तिथे एका तरुणाचा आणि त्याच्या कुत्रीचा ब्राँझचा पुतळा २००५ साली बसवला. तरुण चालता चालता, हात पुढे करून, काहीतरी सांगतोय. हा मॉरिस फ्रँक, आणि ही बडी.

अंधांसाठी कुत्रे शिकवण्याचं पद्धतशीर काम पहिल्या महायुद्धात जर्मनीत सुरू झालं. विषारी वायूने आणि तोफांनी डोळे गमावलेले सैनिक एवढे होते की १९१६ साली ओल्डेनबुर्गला डॉक्टर गेरहार्ड श्टालिंग यांनी त्यासाठी शाळाच काढली. सांगतात, एकदा ते एका अंध सैनिकाला घेऊन फिरत असताना त्यांना तातडीने जावं लागलं, आपला कुत्रा त्याच्याजवळ ठेवून ते गेले, आणि परत येऊन बघतात तर कुत्रा त्या माणसाची काळजी घेत होता. पुढे डोरोथी हॅरिसन युस्टिस ही अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेपर्ड पाळून शिकवत होती. तिने जर्मनीत पोट्सडॅमला असलेली अशीच एक शाळा बघितली आणि ५ नोव्हेंबर १९२७ च्या एका अमेरिकन साप्ताहिकात लेख लिहिला. टेनेसीतल्या नॅशव्हिल गावात एका बापाने तो लेख आपल्या मुलाला वाचून दाखवला. मुलगा मॉरिस, वय एकोणीस. एक डोळा लहानपणी अपघातात गेला होता, दुसरा सोळाव्या वर्षी बॉक्सिंगमध्ये. त्याने युस्टिसबाईंना पत्र लिहिलं की मला मदत करा, मी माझ्यासारख्या बाकीच्यांना करीन.

त्याच्या प्रवासाची हकिगत वाचताना मी मध्येच थांबले होते. अमेरिकेतून युरोपला त्याला पार्सल म्हणून पाठवलं होतं. अलंकार म्हणून नाही, खरंच. एकट्या अंध माणसाला नेणार कसं, म्हणून प्रवासाची व्यवस्था बघणाऱ्यांनी त्याची सामानासारखी सोपवणूक केली. केबिनमध्ये बंद करून ठेवायचे, ठरल्या वेळी कुणीतरी येऊन डेकवर फिरवून आणायचं. तिकडे त्याला कुत्री मिळाली, तिचं नाव किस होतं. चारचौघांत "किस, किस" अशा हाका मारायची त्याला लाज वाटली, त्याने तिला बडी केलं. आणि परतीच्या बोटीवर तो बडीचा हार्नेस, म्हणजे तिच्या अंगावरच्या पट्ट्यांची मूठ, धरून हवा तेव्हा हवं तिथे हिंडला. जून १९२८ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्यावर पत्रकारांनी त्याला धक्क्याजवळचा वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवायला सांगितलं. ट्रकांनी भरलेला, डोळसांनाही धडकी भरवणारा रस्ता. त्याने बडीवर भिस्त ठेवून तो ओलांडला आणि युस्टिसबाईंना एका शब्दाची तार केली: यशस्वी. २९ जानेवारी १९२९ ला नॅशव्हिलला 'सीईंग आय'ची स्थापना झाली. तिथली हवा कुत्र्यांना शिकवायला फार गरम, म्हणून दोनेक वर्षांत ती न्यू जर्सीला आली.

नेलेला माणूस आणि आलेला माणूस, यांच्यात चार पायांचं एक जनावर. मला मामाच्या ओट्यावरून वेस्ट स्ट्रीट दिसायला लागला होता.

लोकांना वाटतं की कुत्रा अंध माणसाला नेतो. "चल दुकानात" म्हटलं की कुत्रा दुकानात घेऊन जातो. तसं नसतं. रस्ता माणसाला ठाऊक असावा लागतो. किती चौक ओलांडायचे, कुठे डावीकडे वळायचं, हे माणूस सांगतो. कुत्रा खड्डा, खांब, कडेला लावलेली सायकल टाळतो, पदपथाची कड आली की थांबतो. सिग्नल कुत्रा बघत नाही. तांबडा आणि हिरवा रंग त्याला आपल्यासारखे वेगळे दिसतही नाहीत. गाड्यांचा आवाज ऐकून कधी निघायचं ते माणूस ठरवतो आणि "फॉरवर्ड" म्हणतो. म्हणूनच कुत्रा मिळण्याआधी माणसाला काठी घेऊन एकट्याने हिंडता यावं लागतं. आमच्या कपाटामागची काठी मला हे वाचल्या दिवशी स्वप्नात दिसली.

हेझलची शिकवणी या सगळ्याच्या पहिल्या इयत्तेची होती. आमच्याकडे हार्नेस नव्हता, रस्ता ओलांडणं शिकवायचं नव्हतं. आम्ही तिला जग दाखवायचं. तिला आगगाडीचा फलाट दाखवला, सरकता दरवाजा, लिफ्ट, जिन्याच्या फटी असलेल्या लोखंडी पायऱ्या, ज्यांतून खालचं दिसतं आणि पिल्लं घाबरून बसकण मारतात. ती डाव्या बाजूला, अर्धं पाऊल पुढे चालायला शिकली. घरगुती कुत्र्यांना मालकाच्या पायाशी चालायला शिकवतात, यांना नाही. यांनी पट्टा किंचित ताणूनच चालायचं, कारण पुढे त्याच ताणातून माणसाला रस्ता कळणार. शी-शू सांगितल्यावरच करायची, त्याला 'पार्क टाइम' म्हणतात. जानेवारीत पहाटे पाच वाजता गुडघाभर बर्फात मी आणि माझा नवरा आळीपाळीने "पार्क टाइम" म्हणत उभे राहिलोय.

गणपतीत घरी तीसेक माणसं होती. टाळ, घंटा, झांजा, वर आमच्या एका मित्राने ढोलकी आणलेली. मी धास्तावले होते. 'सुखकर्ता' सुरू झालं तेव्हा हेझलने डोकं वर केलं, 'घालीन लोटांगण'ला मंडळी स्वतःभोवती फिरायला लागली तेव्हा उभी राहिली, मुलीने "डाउन" म्हटल्यावर परत बसली आणि 'मंत्रपुष्पांजली'पर्यंत झोपून गेली. संस्थेच्या महिन्याच्या अहवालात मुलीने लिहिलं की हेझलला आवाजाची भीती नाही. त्या एका ओळीसाठी तीस माणसांना कशी आरती म्हणावी लागली हे तिकडे कुणाला कळलं नसेल.

त्याच दिवसांत आईने तिचा स्वीकार केला. आधी कुत्रं देवघराजवळ नको असं होतं तिचं. मग एकदा नृसिंहवाडीच्या आठवणी काढता काढता म्हणाली, दत्ताच्या पायाशी चार आहेत, ही पाचवी. हेझल हे नाव मात्र तिच्या तोंडात बसेना, ती हेमा म्हणायची. मुलगी तिला रोज सुधारायची, "आजी, तिला एकच नाव पाहिजे, नाहीतर ती गोंधळेल." आजी मग मनातल्या मनात हेमा म्हणत असावी.

एका किराणा दुकानात, आपल्याच लोकांच्या, हेझलला घेऊन गेलो तर आम्हाला बाहेर काढलं. आवाज चढवून, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही निघालो, कारण शिकाऊ पिल्लाला या देशाच्या १९९० च्या अपंगांविषयीच्या कायद्याचं संरक्षण नाही. त्यासाठी राज्याराज्यांचे नियम आहेत, आणि आम्ही नेहमी आधी परवानगी विचारत असू. पण काम करणारा कुत्रा घेऊन आलेल्या माणसाला कुणी असं काढू शकत नाही. त्याला दोनच प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि हा कोणतं काम करायला शिकलाय. कागद मागता येत नाहीत, आजार काय ते विचारता येत नाही. गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, "आपण घरी जाऊन दुसरीकडून डाळ आणू. पण रोज असं झालं तर?" मला तिला जवळ घेण्यापलीकडे काही सुचलं नाही.

मिरजेत हे जमलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला शंभरदा विचारलाय. खरं उत्तर कठीण आहे. पदपथ नाही, असला तर त्यावर दुकान आहे. उघडी गटारं. आणि चौकाचौकांत आपापली हद्द राखणारी कुत्री, जी परक्या कुत्र्याला पाहून चारी बाजूंनी धावून येणार. मग हार्नेसमधल्या कुत्र्याने माणूस सांभाळायचा की स्वतःला? नुसता शिकलेला कुत्रा नेऊन सोडला तर त्याचे हाल होतील. गाव आधी चालण्यासारखं करावं लागतं. पण काठी चालली असती. काठी घेऊन मामा पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत गेला असता, एकदा पडला असता, दोनदा पडला असता, तिसऱ्यांदा दर्ग्यापर्यंत पोचला असता. आम्ही त्याला पडू दिलं नाही. याबद्दल मी आईशी बोलले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आम्हाला वाटायचं माया म्हणजे तेच."

हेझल सव्वा वर्षाची झाली आणि संस्थेची गाडी आली. मुलीने तिला शेवटचं आंघोळ घालून विंचरलं होतं. गाडीत ती आपणहून चढली, नव्या जागी जायची आम्हीच तिला सवय लावली होती ना. सगळेच कुत्रे या कामाला उतरत नाहीत. कुणी खारीमागे धावतो, कुणाचा सांधा नाजूक निघतो, आणि अशा कुत्र्याला घरी ठेवायचं का हे वाढवणाऱ्या घराला आधी विचारतात. तिची तिकडची शिकवणी चालली होती त्या चार महिन्यांत, रात्री झोप लागत नसे तेव्हा, ती नापास व्हावी असं मला वाटलं. एकदा नाही, अनेकदा. हे मी इथे लिहितेय कारण ते खरं आहे.

तिकडे तिची खरी शिकवणी चालली होती. हार्नेस, चौक, गर्दी. अंगावर येणारी गाडी कळावी म्हणून शिक्षकांचेच सहकारी गाड्या आडव्या आणतात. डोक्याला लागेल अशी फांदी ओळखायची, जी कुत्र्याच्या डोक्यावरून चार फूट उंच असते. म्हणजे आपल्या शेजारचा माणूस किती उंच आहे हे त्या जनावराने मनात वागवायचं. आणि सगळ्यांत अवघड ते न ऐकणं. माणसाने "फॉरवर्ड" म्हटलं, पण गाडी येतेय, तर जागचं हलायचं नाही. सव्वा वर्ष आम्ही तिला ऐकायला शिकवलं, आता तिला शिकायचं होतं की कधी ऐकायचं नाही. हुकूम मोडायचा, तोही त्याच माणसाच्या जिवासाठी, आणि पुढच्याच क्षणी पुन्हा त्याचं ऐकायला तयार राहायचं. मला हे आज्ञाधारकपणापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

शिकवणी संपत आली की वाढवणाऱ्या कुटुंबाला एकदा बोलावतात. शिक्षक कुत्र्याला घेऊन मॉरिसटाउनमधून चालतो आणि आपण मागून, लांबून बघायचं. हाक मारायची नाही, दिसायचं नाही. आम्ही तिघं मैदानाच्या कडेला एका झाडाआड उभे होतो. शिक्षिकेच्या डाव्या हाताला हेझल आली, अर्धं पाऊल पुढे. मोठी दिसत होती. लहानपणी उजवा कान उलटा पडायचा तो तसाच होता. एका दुकानाबाहेर फलक मांडलेला होता, तिने वळसा घेतला, आणि वळसा एवढा घेतला की शेजारच्या बाईचा खांदाही लागू नये. चौकाशी थांबली. शिक्षिकेने हात पुढे करून "फॉरवर्ड" म्हटलं असावं, ऐकू आलं नाही. उजवीकडून एक पांढरी गाडी वळत आली. हेझल हलली नाही. गाडी गेली, मग ती निघाली. नवऱ्याने माझा दंड इतका घट्ट धरला होता की संध्याकाळी तिथे वळ दिसत होता. वाऱ्याचा झोत आमच्याकडून तिकडे गेला तेव्हा तिने एकदाच नाक वर केलं. मागे वळली नाही. मग दोघी कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या.

अंध विद्यार्थी तिथे येऊन राहतात, पहिल्यांदा येणारे साधारण साडेतीन आठवडे. कुत्रा देण्याआधी शिक्षक स्वतः हार्नेसचं पुढचं टोक धरून चालतो आणि माणसाचा वेग, ओढ सोसण्याची ताकद बघतो, मग जोडी जमवतात. माणसाने द्यायचे दीडशे डॉलर, पुढच्या कुत्र्याला पन्नास, माजी सैनिकाला एक. १९३४ पासून हे आकडे बदललेले नाहीत. फुकट घेतल्याचं ओझं कुणावर राहू नये म्हणून, आणि नंतर कुत्रा त्या माणसाचाच होतो, संस्थेचा राहत नाही.

एप्रिलमध्ये फोन आला. जोडी जमली होती. नाव-गाव त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मी लगेच मिरजेला फोन लावला, तिकडे रात्र झाली होती. आईने आधी विचारलं, "पोळी देतात का गं तिला कुणी?" मग थोडा वेळ थांबून, "कुठे जात असतील दोघं?"

म्हटलं, माहीत नाही. कामाला, बाजारात, कुठेही.

"संध्याकाळी कधी गाण्यालाही जात असतील," ती म्हणाली.